सांडपाण्यावर शेवाळ वाढवायचंय? पहिला हौद बांधण्याआधी हे वाचा

शेवाळापासून डिझेल म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लिटर किती निघेल?" मी हल्ली उत्तर चमच्यात देतो. दहा चौरस मीटरचा, म्हणजे एका खोलीएवढा हौद घ्या. वर लख्ख ऊन, आत सेप्टिक टँकचं पाणी, सगळं सुरळीत. त्यातून दिवसाला निघणारं तेल पोह्यांच्या एका फोडणीपुरतं असतं. आणि फोडणीला ते चालतही नाही.

हिशोब साधा आहे. महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर दिवसाला, विजेच्या मापात, सरासरी ५ युनिट ऊन पडतं. उघड्या हौदातलं शेवाळ त्यातला जेमतेम दीड टक्का धरून ठेवतं. म्हणजे १२-१३ ग्रॅम कोरडं शेवाळ. दहा चौरस मीटरचे झाले १२० ग्रॅम. सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळात स्निग्धांश १० ते २० टक्के असतो. उदार होऊन २० धरला तरी २४ ग्रॅम. त्यातून हरितद्रव्य आणि डिझेल न होणारा बाकीचा चिकटा वजा केला की उरतो मोठा चमचाभर.

आता त्याच १२० ग्रॅमकडे दुसऱ्या बाजूने बघा. शेवाळाच्या वजनात साधारण ७ टक्के नायट्रोजन आणि १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे रोज ८ ग्रॅम नायट्रोजन आणि सव्वा ग्रॅम फॉस्फरस पाण्यातून उचलला गेला. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण एवढाच नायट्रोजन बाहेर पडतो. हाच नायट्रोजन-फॉस्फरस पुण्या-पिंपरीहून मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेतून उजनीत पोचतो आणि धरणाचं पाणी हिरवं करतो. उजनीत जे आपोआप आणि बेलगाम होतं, ते हौदात मुद्दाम आणि ताब्यात ठेवून करायचं, एवढीच या धंद्याची गोम. तेव्हा पाणी साफ करायला या. तेल हा वरकड लाभ.

हे शहाणपण माझं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं शेवाळतेलाच्या मागे घालवली, तीन हजारांवर वाण गोळा केले, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार-हजार चौरस मीटरचे हौद चालवले. तेल तयार झालं, परवडलं नाही. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून यात उडी घेतली आणि २०२३ मध्ये अंग काढून घेतलं. उलट स्पेनमधल्या चिक्लाना गावात सांडपाण्यावर शेवाळ वाढवून, तेलाच्या फंदात न पडता, त्याचा बायोगॅस केला आणि त्यावर मोटारी चालवून दाखवल्या. चिक्लानाचा धडा लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आधी पाणी बघा

सगळ्यात सोयीचं म्हणजे सेप्टिक टँकच्या बाहेरच्या तोंडाचं, गाळ खाली बसलेलं पाणी. गोठा धुतल्याचं पाणीही उत्तम. बायोगॅसची स्लरी चालते, पण ती कोऱ्या चहासारखी काळी असते. ऊन आत शिरतच नाही. तिच्यात किमान वीसपट पाणी घालावं लागतं. खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो, तो आधी एका छोट्या टाकीत अडवा.

गॅरेज, रंगकाम, मुलामा देण्याचे कारखाने यांच्या पाण्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातले जड धातू शेवाळ शोषून घेतं हे खरं, पण मग त्या शेवाळाचं करायचं काय हा नवा प्रश्न उभा राहतो.

आणि वरच्या मजल्यावर काय ओतलं जातं याची चौकशी ठेवा. मी एका वसतिगृहामागे हौद चालवायचो. दसऱ्याच्या साफसफाईत सगळ्या मोऱ्यांमध्ये ब्लीचिंग पावडर पडली. मला कुणी सांगितलं नाही, सांगायचं कुणाला सुचणारही नाही. तिसऱ्या दिवशी हौदाचा रंग ताकासारखा. दीड महिन्याचं काम गेलं.

बाटल्यांची परीक्षा

हौद खणायच्या आधी पाच बाटल्या मांडा. लिटरभराच्या, पारदर्शक, शीतपेयाच्या चालतील. पहिलीत नुसतं साधं पाणी, मग सांडपाणी दहा टक्के, पाव, अर्धं आणि शेवटचीत पूर्ण. साधं पाणी बोअरचं घ्या. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला दिवसभर उघडं ठेवा. प्रत्येकीत अर्धा कप हिरवं बियाणं. झाकणाऐवजी तोंडाला फडकं बांधा, पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ हलवा.

सात दिवसांनी सर्वांत गर्द हिरवी बाटली कोणती ते बघा. पूर्ण सांडपाण्याची असेल तर नशीबवान आहात. अर्ध्याची असेल, तर तुमचं पाणी फार गढूळ आहे किंवा त्यात अमोनिया जास्त आहे. हौदातही निम्मं पाणी मिसळून सुरुवात करा. पाचही फिक्या राहिल्या तर पाण्यात काहीतरी विषारी आहे. तिथे हौद बांधू नका.

बियाणं कुठून आणायचं? जे सांडपाणी वापरणार, त्याच्याच नाल्याच्या काठावरून. सांडपाण्याच्या तोंडाशी जो हिरवा थर असतो, तो त्या पाण्यावर जगायला शिकलेला असतो. चमच्याने खरवडा, बाटलीत हलवा, जड कचरा खाली बसला की वरचं हिरवं पाणी दुसऱ्या बाटलीत ओता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात चारशे पटींत बघा. दोन जाती शोधा. क्लोरेला म्हणजे बारीक हिरवे वाटाणे. सेनेडेस्मस म्हणजे चार केळ्यांची छोटीशी फणी. एकदा पाहिली की विसरत नाही. हे दोघे दिसले तर काम झालं. पाण्यावर निळसर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते बियाणं टाकून द्या. ती नीलहरित मंडळी असतात आणि त्यांतली काही विष तयार करतात.

शुद्ध वाण हवाच असेल तर पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या सूक्ष्मजीव संग्रहातून क्लोरेला विकत मिळते. मीही हौसेने आणली होती. उघड्या हौदात महिन्याभरात तिचा मागमूस उरला नाही, गावठी वाणाने जागा घेतली. रॉसवेलच्या लोकांनाही हेच दिसलं होतं, हे नंतर वाचून जरा बरं वाटलं.

पुढचं काम विरजणासारखं. विरजण कमी पडलं की दह्याआधी दूध नासतं, तसंच इथे शेवाळाआधी नको ते जंतू मातब्बर होतात. दर टप्प्याला निदान दहावा हिस्सा बियाणं हवं. एक लिटरवरून दहा, दहावरून शंभरचा पिंप, तिथून हौदात आधी हजार लिटर, मग पूर्ण हौद. प्रत्येक टप्प्याला आठवडा. हौदात थेट बादलीभर बियाणं ओतून चमत्काराची वाट बघत बसू नका.

हौद

पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, मध्ये लांबीच्या दिशेने एक भिंत, दोन्ही टोकांना मोकळी. म्हणजे पाणी घोड्यांच्या शर्यतीसारखं गोल फिरत राहील. विटांचा चाळीस सेंटिमीटरचा कठडा करा आणि आत शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरा. उरलासुरला तुकडा कुणाही शेततळंवाल्याकडे मिळतो. पाणी मात्र पंचवीस सेंटिमीटरच भरा. खोल हौद म्हणजे जास्त शेवाळ, असं वाटतं, ते चूक. पाणी हिरवं झालं की वीतभराखाली अंधारच असतो. तिथलं शेवाळ काम करत नाही, नुसतं श्वास घेतं. आजूबाजूला झाड नको, सावली आणि पाला दोन्ही त्रास देतात.

पाणी फिरवायला पाणचक्की लागते: प्लायच्या चार पात्या, मधून दांडा. मोटारीवर पैसे वाचवायला मी जुन्या बाजारातून गाडीच्या वायपरची मोटार आणली. पावसाळ्यात तासभर चालण्यासाठी केलेलं ते यंत्र. दिवसरात्र चालवलं आणि विसाव्या दिवशी जळका वास आला. गिअरवाली छोटी मोटार घ्या, मिनिटाला आठ-दहा फेरे पुरे. वेग मोजायला उपकरण नको. झेंडूची पाकळी टाका. पाच सेकंदांत ती मीटरभर गेली पाहिजे. वळणांच्या कोपऱ्यात पाकळी अडकून घुटमळली, तर तिथेच गाळ साचणार आणि सडणार. तिथे पत्रा वाकवून उभा करा. रात्रीही चक्की बंद करू नका. थांबलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि मग शेजारी तुमच्या पर्यावरणप्रेमाचं कौतुक करत नाहीत.

रोजचं काम

हौद गर्द झाला की रोज सकाळी सहावा हिस्सा हिरवं पाणी काढा आणि तेवढंच सांडपाणी घाला. अडीच हजार लिटरच्या हौदात हे चारशे लिटर होतं, साधारण चार माणसांचं. थंडीत शेवाळ मंदावतं, तेव्हा आठवा हिस्सा. कडक उन्हाळ्यात चौथ्या हिश्श्यापर्यंत गेलात तरी निभतं. एप्रिल-मे मध्ये एवढ्या हौदातून दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी नुसतं उडून जातं, ते साध्या पाण्याने भरून काढा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चार माणसांच्या पाण्यातली सेंद्रिय घाण हा हौद पचवतो, पण नायट्रोजन मात्र एखाद्या माणसाचाच उचलतो. बाकीचा थोडा अमोनिया होऊन उडतो, उरलेला पाण्यातच राहतो. चौघांचाही नायट्रोजन काढायचा तर चौपट जागा पाहिजे. जागा हीच या पद्धतीची खरी किंमत आहे, आणि म्हणूनच ती मुंबईच्या सोसायटीला जमत नाही, तालुक्याच्या गावाला जमते.

घाण पचवतं कोण? शेवाळ नव्हे, जिवाणू. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात ही जोडी नीट मांडली: जिवाणू घाण खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, शेवाळ तो घेतं आणि उन्हात प्राणवायू देतं, त्या प्राणवायूवर जिवाणू आणखी घाण खातात. एरवी सांडपाण्याच्या प्रकल्पात ही हवा विजेच्या ब्लोअरने भरावी लागते आणि बिलाचा मोठा भाग तिथेच जातो. इथे ती सूर्य भरतो.

हे चाललंय की नाही ते पीएचच्या, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते दाखवणाऱ्या, पट्टीवर दिसतं. सकाळी सात वाजता साडेसात, दुपारी तीनला नऊ-साडेनऊ. शेवाळ दुपारभर कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून पीएच चढतो, आणि तो चढलेला पीएच व ऊन मिळून रोगजंतूही मारतात. दुपारी पट्टी हललीच नाही तर शेवाळ आजारी आहे. दहाच्या वर गेली तर ते कार्बनसाठी उपाशी आहे; थोडं जास्त सांडपाणी घाला.

दुसरं साधन घरगुती. स्टीलच्या डब्याचं झाकण पांढरं रंगवा, काठीला ठोका, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. पाण्यात सोडत जा. झाकण दिसेनासं झालं तो आकडा वहीत लिहा. आठ ते दहा सेंटिमीटर म्हणजे हौद ठीक. आणि नाकावर विश्वास ठेवा. निरोगी हौदाला गवत कापल्याचा वास येतो. कुजकट वास आला की त्या दिवशी सांडपाणी बंद.

हिरवं पाणी एका रात्रीत चहा होतं तेव्हा

हे प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतंच. सोमवारी झाकण आठ सेंटिमीटरला दिसेनासं होत होतं, बुधवारी वीसला दिसायला लागलं, गुरुवारी पाणी तपकिरी आणि तळ स्वच्छ दिसतोय. नवखा माणूस खूश होतो: पाणी साफ झालं! साफ झालेलं नसतं, कुणीतरी तुमचं पीक चरून गेलेलं असतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरा. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत असतील तर डॅफ्निया, पाण्यातला पिसू. डोळ्यांना काही दिसलं नाही तर थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा; तोंडाशी दोन चक्रं फिरतायत असा रोटिफर सापडेल.

ते अंडी घालून वाढायला काही दिवस घेतात, शेवाळ दिवसात दुप्पट होतं. म्हणून पहिला उपाय पाणी जास्त वेगाने बदलणं: दोन-तीन दिवस रोज तिसरा हिस्सा काढा, म्हणजे चरणारे वाढण्याआधीच वाहून जातात. डॅफ्निया असेल तर फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेत बारीक जाळी धरा, पुष्कळ निघतात आणि ॲक्वेरियमवाले आनंदाने नेतात. फारच माजले असतील तर हौद रिकामा करून, दोन दिवस उन्हात वाळवून पुन्हा बियाणं घालणं सोपं.

काढणी: खरा घाम इथे

रोज काढलेल्या चारशे लिटर पाण्यात शेवाळ असतं सव्वाशे ग्रॅमच्या आत. लिटरला ०.३ ग्रॅम. मांजरपाटातून गाळून बघा, पाणी हिरवंच्या हिरवं खाली उतरेल, कारण एक पेशी पाचेक मायक्रॉनची आणि कापडाची छिद्रं तिच्या कित्येक पट.

ही पायरी गाळून चालत नाही, दोन्ही अर्थांनी. हिरवं पाणी तसंच ओढ्यात सोडलंत तर तुम्ही घाणीचं फक्त रूप बदललंत. ते शेवाळ पुढे मरेल, सडेल आणि ओढ्यातला प्राणवायू खाईल.

सोपी वाट तुरटीची. एकदम पिंपात टाकू नका. आधी सहा काचपेले ओळीने मांडा, प्रत्येकात हिरवं पाणी, आणि तुरटीचं प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमपासून ३०० पर्यंत चढवत न्या. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी हळू, वरण घोटल्यासारखं नव्हे तर दुधावर साय धरावी तसं. अर्ध्या तासात एखाद्या पेल्यात हिरव्या लोकरीसारखे पुंजके तळाला बसतील आणि वरचं पाणी निवळेल. ज्या सर्वांत कमी प्रमाणात हे झालं, ते तुमचं प्रमाण. दर महिन्याला पुन्हा तपासा. तुरटीमुळे शेवाळात ॲल्युमिनियम राहतं. शेतात घालायचं असेल तर शेवग्याच्या वाळलेल्या बियांची पूड वापरून बघा. काम हळू होतं, पण होतं. काही हौदांत जिवाणू आणि शेवाळ आपसांतच गुंफून पुंजके करतात आणि तासाभरात स्वतःहून बसतात. असा हौद लाभला तर तळाला बसलेल्या गाळातला थोडा रोज परत हौदात घाला, म्हणजे बसणारी जातच वरचढ राहते.

खाली साचलेला लगदा कापडावर निथळवा. आता कापड चालतं.

आणि ते तेल?

शेवाळात तेल वाढवायची युक्ती आहे: त्याला नायट्रोजनसाठी उपाशी ठेवा. साफ झालेल्या पाण्यात, खतपाणी न देता, चार-सहा दिवस उन्हात. हिरवा रंग पिवळसर होतो आणि पेशी तेल साठवायला लागते. पण त्याच क्षणी वाढ थांबते. भरपूर वाढ आणि भरपूर तेल एका वेळी मिळत नाही, आणि अठरा वर्षांच्या त्या अमेरिकी खटाटोपाचाही हाच अडसर होता.

दुसरा अडसर सुकवण्याचा. चांगल्या निथळलेल्या लगद्यातही एक किलो कोरड्या शेवाळामागे निदान चार किलो पाणी असतं. ते विजेवर किंवा गॅसवर उडवायला सुमारे दहा मेगाज्यूल लागतात. त्या किलोतल्या २० टक्के तेलात असतात सात-साडेसात. म्हणजे भट्टी लावलीत त्याच क्षणी तुम्ही तोट्यात. सुकवायचं तर उन्हातच: ताडपत्रीवर बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर, रोज उलथायचा.

पुढे हेक्झेन या द्रावकात तेल काढणं आणि मिथेनॉल व कॉस्टिक सोड्याने त्याचं बायोडिझेल करणं, हे घरी करू नका. हेक्झेनची वाफ ठिणगीला टपलेली असते. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटाखाली, शिक्षकांच्या समोर करा. एकदा करून बघावं असं आहे खरं, गडद हिरव्या चिकट्यातून पिवळं इंधन वेगळं झालेलं पाहताना भारी वाटतं.

रोजच्या वापरासाठी मात्र चिक्लानाची वाट धरा. ओला लगदा तसाच बायोगॅसच्या टाकीत जातो, सुकवणं नाही, हेक्झेन नाही. नुसतं शेवाळ घालू नका. त्यात नायट्रोजन जास्त, अमोनिया साचून गॅस बसतो. शेणात किंवा उरल्यासुरल्या अन्नात चौथा-पाचवा हिस्सा मिसळा. स्लरी झाडांना.

राहिलेलं

हातमोजे आणि गमबूट घालूनच काम करा. निवळलेलं पाणी बागेला, नारळाला, गवताला द्या, पालेभाजीला नको. स्पिरुलिनाच्या गोळ्या खाल्ल्या जातात म्हणून कुणी तुमचं शेवाळ जनावरांच्या पेंडीत घालायचं सुचवेल. गोळ्यांचं स्पिरुलिना स्वच्छ, खारट-अल्कधर्मी पाण्यात वाढवतात. तुमचं मैलापाण्यात वाढलंय. घरापुरता प्रयोग सोडून सोसायटीचं किंवा कारखान्याचं पाणी घेणार असाल, तर बाहेर सोडण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती हौद बांधण्याआधी बघा.

पावसाळ्यात कठड्यात, पाण्याच्या पातळीच्या बोटभर वर, सांडवा ठेवा, आणि सांडव्याचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा सांडपाणी निम्म्यावर आणा. शेवाळ जगेल, काम करणार नाही. आणि पहिल्या पावसाआधी दोन बाटल्या बियाणं भरून घरातल्या खिडकीत ठेवा, महिन्यातून एकदा ताजं पाणी देत राहा. माझी अशी एक बाटली घरच्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत मोरीत ओतली. तेव्हापासून झाकणावर मार्करने लिहितो: "जिवंत आहे, ओतू नका."